घरची आणि घरातली

आयुष्यातली बत्तीस वर्षे मी जिल्ह्यातल्या निरनिराळ्या शाळांतून मराठीचे व्याकरण शिकवले. त्यावाचून माझ्या एकाही विद्यार्थ्याचे पुढे काही अडल्याचे ऐकिवात नाही. उलट ज्यांना सप्तमी आणि पंचमी यांतला फरक शेवटपर्यंत कळला नाही, त्यांतले दोघे-तिघे आज मोटारीतून हिंडतात आणि मी रस्त्याने चालताना दिसलो की मोटार थांबवून, 'सर, सोडू का कुठं?' असे अदबीने विचारतात. मी बसतोही. त्यामुळे सेवानिवृत्तीनंतर विभक्ती हा विषय मी स्वतःपुरता मिटवून टाकला होता. तो पुन्हा उघडला माझ्या नातीने, आणि तोही संगणकाच्या अभ्यासासाठी.

नात इंजिनिअरिंगला आहे. परीक्षा जवळ आली की ती आमच्याकडे धाराशिवला येते. तिच्या म्हणण्याप्रमाणे इथल्या शांततेसाठी, आणि तिच्या आजीच्या म्हणण्याप्रमाणे थालीपिठांसाठी. शांततेसाठी आलेली ही मुलगी अभ्यास मात्र मोठ्याने करते, आणि तोही येरझाऱ्या घालत. त्या दिवशी सकाळी मी खुर्चीत बसून एक कागद वाचत होतो. गावाकडच्या वाड्यावर वारसांची नावे लावायची होती, त्याचा तो कागद. सोबत धाकट्या भावाचा न्यू जर्सीहून आलेला निरोप होता, 'गिऱ्हाईक चांगलं आहे, विकून टाकू.' इतक्यात माझ्या पाठीमागून आवाज आला :

'बापाचं जे प्रायव्हेट असतं, त्याला पोराला हात लावता येत नाही! आणि घरात राहणाऱ्याला मात्र सगळं दिसतं!'

माझा चष्मा कागदावर पडला. वाड्याची भानगड मी अजून बायकोलाही नीट सांगितली नव्हती. ही पोरगी ती मोठ्याने पाठ करत होती!

'तुला कुणी सांगितलं हे?'

'पुस्तकात आहे आजोबा. इनहेरिटन्स आणि नेस्टेड क्लास. हमखास विचारतात. दहा मार्कांना.'

आमच्या घराण्याचा प्रश्न दहा मार्कांचा असेल, असे मला कधीच वाटले नव्हते.

मग तिने मला समोर बसवून शिकवले. बत्तीस वर्षांचा सूड एका मराठीच्या मास्तरावर कुणीतरी उगवायला हवाच होता. तर क्लास म्हणजे शाळेतला वर्ग नव्हे. क्लास म्हणजे साचा. साच्यातून जो पेढा पडतो त्याला ऑब्जेक्ट म्हणायचे. भूम तालुक्याच्या खव्यावर पोसलेल्या माणसाला हे समजायला कठीण गेले नाही. आता एका साच्यावरून दुसरा साचा करता येतो. 'वाहन' असा एक साचा असला की त्यावरून 'बैलगाडी' असा दुसरा काढायचा. चाके, वेग, थांबणे हे सगळे बैलगाडीला वाहनाकडून आयते मिळते. बैल तेवढे आपण घालायचे. हा झाला इनहेरिटन्स, म्हणजे वारसा. आणि नेस्टेड क्लास म्हणजे एका साच्याच्या पोटात लिहिलेला दुसरा साचा. मोटारीच्या आत इंजिन. इंजिन मोटारीत असते, पण म्हणून ते मोटारीचे पोर नव्हे, आणि इंजिन ही काही मोटारीची एक जात नव्हे.

'पोरांचा यातच घोळ होतो,' नात म्हणाली. 'आत लिहिलंय म्हणजे बाहेरच्याचं सगळं आपोआप त्याच्या नावावर झालं, असं वाटतं. तसं होत नाही. नुसतं आत असल्यानं कुणी वारस होत नाही.'

'अगं, म्हणजे एक पंचमी आणि एक सप्तमी!' मी ओरडलो. 'घरातून आला तो वारस. ऊन, हून. घरात आहे तो आतला. त, ई, आ. एवढं आम्ही सातवीला शिकवत होतो!'

'मग उदाहरण द्या,' नात म्हणाली. हल्लीची पोरे मास्तरांना उदाहरण मागतात.

मी म्हणालो, 'तुळजापूर तालुका धाराशिव जिल्ह्यात आहे. सप्तमी. आणि लातूर जिल्हा १९८२ साली आपल्या जिल्ह्यातून निघाला. पंचमी. आपल्या जिल्ह्याचं नाव २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा तुळजापूरच्या प्रत्येक दुकानदाराला पाटीवरचा जिल्हा बदलावा लागला. कारण तो आत आहे. लातूरकराला ब्रशसुद्धा ओला करावा लागला नाही.'

नातीने क्षणभर विचार केला आणि अर्धेच मार्क दिले. तुळजापूर बरोबर, लातूर चूक. 'तो वारसा नव्हे आजोबा, ती वाटणी. लातूर निघालं तेव्हा आपले तालुके घेऊन गेलं. आमच्या वारशात बापाचं काही कमी होत नाही. दहा पोरं झाली तरी दहाही जणांना पुरतं पुरतं मिळतं, आणि बाप तसाच्या तसा राहतो. त्याच्या मरण्याची वाटसुद्धा बघावी लागत नाही.'

संगणकाच्या जगात भाऊ भाऊ का भांडत नाहीत, हे मला त्या दिवशी कळले.

आतल्याचे उदाहरण मात्र तिनेच दिले, आणि ते मला शेवटपर्यंत पुरले. नळदुर्गचा पाणीमहाल. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या अमदानीत, सतराव्या शतकाच्या आरंभी, बोरी नदीवर दगडी धरण बांधले आणि त्या धरणाच्या भिंतीच्या पोटातच महाल बसवला. पावसाळ्यात डोक्यावरून नदी कोसळते आणि आतला माणूस कोरडा बसून समोरचा पाण्याचा पडदा बघतो. 'हा महाल म्हणजे काही धरणाचा मुलगा नाही,' नात म्हणाली, 'पण धरणाशिवाय त्याला उभंच राहता येत नाही. जावा भाषेत आतल्या क्लासचं असंच असतं. आधी बाहेरचा पाहिजे, मगच आतला. आत असून ज्याला बाहेरच्याची गरज नसते, असाही एक प्रकार असतो. त्याला स्टॅटिक म्हणतात.'

'म्हणजे वेगळा मीटर असलेला भाडेकरू,' मी म्हणालो. हे तिने वहीत लिहून घेतले.

ही सगळी भानगड नॉर्वेतल्या दोघांनी सुरू केली. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड. १९६७ साली त्यांची सिम्युला ६७ ही भाषा आली आणि तिच्याबरोबर साच्यावरून साचा काढण्याची ही युक्ती आली. सिम्युला ज्या अल्गोल ६० वरून निघाली, तिच्यात एका कप्प्याच्या आत दुसरा कप्पा ठेवायची सोय आधीपासूनच होती. म्हणजे एकाच्या आत एक राहणे जुने, आणि वारसा नंतरचा. माणसाचेही तसेच झाले असावे. आधी पाऊस आला म्हणून सगळे एका गुहेत शिरले असतील, आणि गुहा कुणाची, हे भांडण पाऊस थांबल्यावर सुरू झाले असेल.

'पण तू ते प्रायव्हेटचं काय म्हणत होतीस?' मी विचारले. खरे म्हणजे मला तेवढेच विचारायचे होते.

'बापाच्या साच्यात काही गोष्टी प्रायव्हेट असतात. त्या पोराच्या ऑब्जेक्टमध्ये येतात, पण पोराला त्यांना हात लावता येत नाही, नावानं हाकसुद्धा मारता येत नाही. आणि जो पोटात लिहिलेला असतो, आतला, त्याला बाहेरच्याचं प्रायव्हेट खुशाल वापरता येतं. त्याच्या नावावर काहीच नसतं. पण दिसतं सगळं.'

हे ऐकले आणि मला अक्का आठवली.

आमचा वाडा तुळजापूर तालुक्यात, एसटीने गेले तर एका डुलकीच्या अंतरावर आहे. माळवदाचा जुना वाडा. १९९३ च्या भूकंपात त्याची पश्चिमेची भिंत बसली, ती अजून उठलेली नाही. या वाड्यात १९७२ च्या दुष्काळात अक्का आली. माझ्या आईच्या मावसबहिणीच्या जावेची ती भाची. पंचविशीची, नवरा गेलेला, मागे कुणी नाही. 'चार दिवस राहते, पाऊस पडला की जाते,' असे म्हणून आली. पाऊस १९७३ साली पडला. अक्काचे चार दिवस अजून संपायचे आहेत.

आम्ही तिघे भाऊ. मी थोरला, मधला पुण्यात, धाकटा न्यू जर्सीत. तिघेही वारस, कागदावर तिघांची नावे येणार. आणि वाड्याचे आम्हा तिघांना काय माहीत? माळवद कुठे गळते आणि कोणत्या नक्षत्रात गळते, हे अक्काला माहीत. बळदात धान्य किती आणि घुशी किती, हे अक्काला माहीत. आईने पाटल्या कुठल्या देवळीत लिंपून ठेवल्या होत्या, हे आई गेल्यावर अक्कानेच आम्हाला दाखवले. तिने दाखवल्या नसत्या तर भिंतीलाच ते ठाऊक राहिले असते. वडील शेवटच्या दुखण्यात रात्री कुणाचे नाव घेऊन रडत, हेही तिला माहीत आहे. मी एकदा विचारले, तर म्हणाली, 'तुला कशाला रे? तू लेकरू हायस.' मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि नुकतीच पेन्शन सुरू झाली होती.

वडिलांचे नाक माझ्याकडे आले, दमा मधल्याकडे आला, तापटपणा धाकट्याकडे गेला. त्यांचे जे प्रायव्हेट होते तेही आमच्या पोटात कुठेतरी असणारच, पण आमचा हात तिथे पोचत नाही. जिचे त्यांच्याशी रक्ताचे नाते नाही, तिला ते दिसले. नॉर्वेतल्या त्या दोन गृहस्थांना अक्का माहीत असण्याचे कारण नाही. तरी पुस्तकात तिची जागा होती.

आता वाडा विकायचा, म्हणजे वारसांचे काय, हा प्रश्नच नव्हता. वारस कुठेही असतो. पुण्यात असतो, न्यू जर्सीत असतो. बापाचा साचा मोडला तरी पोर आपले नाव घेऊन हिंडत राहते. प्रश्न आतल्याचा. धरण फुटले तर पाणीमहालाने कुठे जायचे?

मी मराठीचा मास्तर. अडचण आली की शब्दकोश उघडतो. त्यात एक गंमत सापडली. 'कूळ' म्हणजे वंश. कुळाचार, कुळधर्म, कुळदैवत. तुळजापूरची भवानी अर्ध्या महाराष्ट्राची कुळस्वामिनी आहे, ती याच कुळाची. आणि 'कूळ' म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा. एकच शब्द, एकच ऊकार! घराण्यातून आलेला तोही कूळ आणि घराण्याच्या जमिनीत राबणारा तोही कूळ. आमच्या भाषेने पंचमी आणि सप्तमी एकाच खुंटीला टांगून ठेवली आणि भांडणे कोर्टावर सोपवली. आमच्याकडे हैदराबाद संस्थानाचे राज्य गेल्यावर १९५० साली कूळवहिवाटीचा कायदा झाला. त्यात संरक्षित कुळाला जमिनीचा मालक होण्याची वाट मिळाली. म्हणजे आतला बाहेरच्याचा धनी झाला. आमच्या आजोबांची बारा एकर त्यात गेली, आणि घरात त्या कायद्याचे नाव काढायचे नाही असा दंडक होता. आज वाटते, कायदा व्याकरणाला धरून होता.

पण अक्काने जमीन कसली नव्हती. तिने चूल पेटवली, आमची बाळंतपणे केली, माळवदावर पांढरी माती टाकली. तिच्यासाठी कुठले कलम?

इथे मला विनोद सोडून थोडे खरे बोलले पाहिजे. आम्हाला बहीण नाही. म्हणून भाऊबीजेला अक्का ओवाळायची. ओवाळणी अकरा रुपये. पुढे महागाईमुळे एकवीस. वारसांच्या कागदावर माहिती भरताना मी मात्र स्वच्छ अक्षरात लिहिले, 'बहीण : नाही.' ते खोटे नव्हते. पाहुण्यांपुढे आम्ही म्हणायचो, 'अक्का अगदी घरच्यासारखी आहे हो.' या 'सारखी'ने आम्हाला पन्नास वर्षे स्वयंपाकीण मिळवून दिली. काम असले की ती घरची. कागद आला की ती घरातली. पंचमीची कामे आणि सप्तमीचे हक्क. नात म्हणते, त्यांच्याकडेही ही चूक नेहमी होते. दुसऱ्याचा तयार माल वापरायला मिळावा एवढ्यासाठी लोक त्याच्याशी बाप-लेकाचे नाते जोडतात, आणि पुढे कधीतरी सगळे कोसळते. नाते खरे असेल तरच लावावे. नुसते उपयोगी पडते म्हणून लावू नये. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात हे छापलेले असते. आमच्या मूल्यशिक्षणाच्या तासाला मी 'झाडे लावा' शिकवत होतो.

अर्थात उलटेही खरे आहे. घरात राहणारा प्रत्येकजण हक्कदार धरला, तर बळदातल्या घुशींचा आमच्याही आधी नंबर लागेल. आणि वारस म्हणजे आयतोबाच असेही नाही. वडिलांचे कर्ज मधल्याने फेडले, तेही नावाबरोबरच आले होते. वारसाने मागितले नसले तरी त्याला घ्यावे लागते. आतल्याने मागितले तरी त्याला देता येईलच असे नाही. म्हणून द्यायचे असेल तर ठरवून द्यावे लागते. ते आपोआप होत नाही.

'तुमच्या शास्त्रात अशा वेळी काय करतात?' मी नातीला विचारले.

'बाहेरचा मोडायचा असेल तर आधी आतल्याला बाहेर काढून स्वतंत्र करायचं, आणि त्याला लागेल ते त्याच्या हातात द्यायचं. मग बाहेरच्याचं काय करायचं ते करा.'

मी भावांना फोन लावला. मागच्या दोन खोल्या, न्हाणी आणि परसातली चिंच अक्काच्या नावे करायची, उरलेले विकायचे. धाकटा बराच वेळ गप्प होता. मला वाटले फोन कटला. मग म्हणाला, 'दोन खोल्या पुरतील का तिला?' आणि मुखत्यारपत्र पाठवून दिले. मधल्याने आधी भाव किती उतरेल ते विचारले, मग म्हणाला, 'सही करतो. पण आमच्याकडे मी सांगेन. तू सांगू नकोस.' गिऱ्हाइकाने चिंचेसकट भाव पाडला.

बक्षीसपत्र करायला गेलो तेव्हा आणखी एक ज्ञान मिळाले. राहते घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडे यांना बक्षीस दिले, तर आपल्या राज्यात मुद्रांक दोनशे रुपयांचा. नात्याबाहेरच्याला दिले तर पूर्ण दर. रक्ताला दोनशे रुपये आणि पन्नास वर्षांच्या भाकरीला पूर्ण दर! सरकारला व्याकरण येत नाही, असे मी आता म्हणणार नाही. कदाचित माझ्याहून चांगले येते.

समोरचा कारकून तरुण आणि सभ्य होता. त्याने अक्काला आधी खुर्ची दिली, मग मला विचारले, 'सर, देणारे आणि घेणाऱ्या बाई, नातं काय लिहू?'

बत्तीस वर्षे ज्याने आठही विभक्त्या शिकवल्या, त्याला एकही प्रत्यय आठवेना. आईच्या मावसबहिणीच्या जावेची भाची, हे त्या रकान्यात मावणारे नव्हते. बहीण म्हणावे तर मीच आधी 'नाही' लिहून बसलो होतो.

अक्कानेच उत्तर दिले. म्हणाली, 'चार दिवसासाठी आलेय, लेकरा.'

कारकुनाने तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि हळूच 'नाते नाही' असे लिहिले. आम्ही पूर्ण दर भरला.

परतताना अक्का गाडीत बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, 'ह्या खोल्या आता माझ्या?'

'तुझ्या.'

'मग माझ्या माघारी कुणाच्या?'

'तू म्हणशील त्याच्या.'

तिने पदर सावरला आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, 'तुझ्या नातीच्या लिही. माळवद कुठं गळतंय, ते तिला दाखवून ठेवलंय मी.'